वैशालीचा धवला

टिपणीस बाईंच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये मधोमध एक पितळी ढाल होती. खाली कोरलं होतं, 'आंतर-सोसायटी सांस्कृतिक स्पर्धा, वाशी, १ मे १९८२, प्रथम क्रमांक.' येणाऱ्याजाणाऱ्याची नजर तिच्यावर पडायची. कोणी कौतुकाचा शब्द काढला की बाई लगबगीनं उठून चहा टाकायला जायच्या. लोकांना वाटे, काय ही विनयशील बाई. विनय कसला डोंबलाचा. बाईंना त्या ढालीची लाज वाटत होती. पण ती उचलून माळ्यावर टाकायची तर का टाकली हे सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं धाडस नव्हतं. म्हणून ढाल सहा वर्षं होती तिथंच राहिली, दर शनिवारी पुसलीही गेली.

चारुलता टिपणीस शहात्तर साली दादरच्या दीड खोलीतून वाशीत आल्या. नवरा नंदकुमार बँकेत, मुलगी वैशाली तेव्हा बारा वर्षांची, आणि बाई स्वतः शिक्षिका. सेक्टरमधल्या नव्या शाळेत त्यांना लगेच नोकरी मिळाली. तेव्हाची वाशी म्हणजे सरळ रेघा मारलेले रस्ते, रस्त्यांना नावाऐवजी आकडे, आणि एकसारख्या चारमजली इमारती. सावलीला झाड नाही. खिडकीचे गज खाऱ्या वाऱ्यानं वर्षात गंजायचे. मुंबईचे नातेवाईक विचारत, "तुमच्याकडे संध्याकाळी कोल्हे ओरडतात म्हणे?" ओरडत. पण स्वतःच्या मालकीचा संडास घरात असलेल्या माणसाला कोल्ह्यांचं काही वाटत नाही.

सगळेच कुठून कुठून आलेले. कोणी गिरगावचं, कोणी रत्नागिरीचं, कोणी साताऱ्याचं. शेजार नवा, देऊळ नाही, नाट्यगृह नाही, त्यामुळे माणसं सणांना नुसती चिकटली होती. गणपती आले की सोसायटीसोसायटीत चुरस, हळदीकुंकू आलं की महिला मंडळांत चुरस. आणि प्रत्येक समारंभात कोणीतरी उठून म्हणायचं, "आपण आलो तेव्हा इथं काही नव्हतं. नुसता चिखल होता." टाळ्या पडायच्या. मोठ्या नाल्यापलीकडे दहा मिनिटांच्या चालीवर एक गाव होतं. खाडीत त्यांच्या होड्या होत्या, आणि ज्या चिखलावर या इमारती उभ्या होत्या तिथं त्यांची भाताची खाचरं होती. पण ते गाव कोणी 'काही'मध्ये धरलं नव्हतं.

त्या गावातून बयाबाई यायची. पन्नाशीची, काळीसावळी, ताठ. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती चार जिने अशी चढायची की वरच्या मजल्यावरच्या सुमित्राबाई, ज्यांना रिकाम्या हातानं चढतानाही धाप लागे, तिच्याकडे असूयेनं बघत राहायच्या. बयाबाई बाईंना सगळ्यांसारखं 'बाई'च म्हणायची, पण बोलायची 'अगं-तुगं'. बाईंना ते आवडायचं. एवढ्या मोठ्या नव्या शहरात त्यांना 'तू' म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

एक्याऐंशीच्या शिरगणतीला शिक्षकांना घरोघर फिरवलं, त्यात बाईंच्या वाट्याला ते गाव आलं. एका दारात मांडव होता. आत बयाबाई नवरीपुढं बसून गात होती, आणि साऱ्या मांडवात दुसरा आवाज नव्हता. त्या गावात लग्न बयाबाई लावायची. ती धवलारीण होती. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला, तोच मंत्र आणि तेच लग्न. वाजंत्री नाही, ताल नाही, लांबलचक संथ सूर. बाई गणतीचा फॉर्म हातात धरून अर्धा तास उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. हे सांगायला हवं, कारण पुढं जे त्यांनी केलं ते गाणं आवडलं नाही म्हणून केलं नाही. आवडलं म्हणूनच केलं.

ब्याऐंशीच्या महाराष्ट्र दिनाला स्पर्धा जाहीर झाली. विषय, 'या मातीतली कला.' आदल्या वर्षी बाईंच्या मंडळाचं कोळीनृत्य तिसरं आलं होतं. त्यात एकही कोळीण नव्हती आणि दोघींचं वजन स्टेजच्या फळ्यांना झेपलं नव्हतं. समोरच्या सोसायटीच्या जयमालाबाईंनी या वेळी साताऱ्याहून लेझीम शिकवणारा आणला होता. मंडळाच्या बैठकीत तोंडं उतरली. तेव्हा टिपणीस बाई म्हणाल्या, "लेझीम काय, कुठंही असतं. मी खरी धवलारीण आणते."

दुसऱ्या दिवशी दारात मासळीचे वाटे मांडून बसलेल्या बयाबाईला त्यांनी विचारलं. बयाबाई हसली.

"धवला असा गातान का बाई? नवरी पायजे, नवरा पायजे, मांडव पायजे. नुसता गायला तं मी लगीन कुनाचा लावला?"

"अगं, स्टेजवर गायचं. लोक ऐकतील. साडी देऊ."

"लोकांना आयकवाला नसतंय त्यो. नवरीला आयकवाला असतंय." तिनं बोंबलांचा वाटा बाईंच्या ताटलीत सारला. विषय संपला होता.

बाईंच्या डोळ्यांसमोर मंडळातल्या बायका आल्या, जयमालाबाईंचं हसू आलं. "खरी धवलारीण आणते" हे स्वतःचंच वाक्य कानात वाजलं. आणि तोंडातून निघून गेलं, "आमच्या वैशालीचंच लग्न आहे. एक मेला."

एकदा निघालेलं वाक्य परत तोंडात घालता येत नाही. त्यातून समोरचं माणूस उठून उभं राहिलं तर मुळीच नाही. बयाबाईनं हात लुगड्याला पुसले, आत जाऊन अभ्यास करत बसलेल्या वैशालीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. पोरगी बावचळून बघत राहिली.

"मना आदी नाय सांगलास. कनच्या गावचा पोर?"

"मुंबईचा," बाई म्हणाल्या. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

"माज्या कमलीचा पन त्याच महिन्यात हाय. जासईचा पोर," बयाबाई म्हणाली. कमळी तिची नात. आईविना आजीनंच वाढवलेली. "हिचा मी गाईन, मंग तिचा गाईन. माजा मोसम बरा हाय." जाताना तिनं एक जास्तीचा वाटा ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. लग्नघरचे पैसे घेत नाहीत म्हणाली.

बाईंनी मनाची समजूत घातली. वेळ आली की सांगू नीट, पाच मिनिटांचं काम. चांगली हिरवी साडी देऊ, तिलाही बरं वाटेल. वैशालीला नवरी करायचं ठरलं, तिसऱ्या मजल्यावरच्या सरस्वतीला नवरा. वैशालीनं विचारलंही, "आई, तिला सांगितलंयस ना की नाटक आहे म्हणून?" बाई म्हणाल्या, "हो गं, सांगितलंय." शाळेत त्याच आठवड्यात त्यांनी पाचवीच्या वर्गाला फळ्यावर सुविचार लिहून दिला होता, 'नेहमी खरे बोलावे', आणि त्याखाली रेघही मारली होती.

एक मेला मैदानावर मांडव पडला. दिव्यांच्या माळा, खुर्च्यांच्या रांगा, स्टेज, स्टेजवर दोन लाल खुर्च्या. बयाबाई स्वतःचं नवं हिरवं लुगडं नेसून, सुपात तांदूळ, हळद, नारळ घेऊन आली. सकाळपासून उपाशी होती, धवलारीण उपाशीच गाते. बाईंनी तिला दुरून पाहिलं आणि त्या गर्दीतून तिच्याकडे निघाल्याही. वाटेत परीक्षकांची गाडी आली. मग माइक चालेना. मग जयमालाबाईंचं लेझीम संपलं आणि यांचा नंबर पुकारला गेला. पाच मिनिटांचं काम राहून गेलं. खरं सांगायचं तर बाईंनी ते राहू दिलं.

आणि बयाबाईला शंका यायला जागाही नव्हती. फ्लॅटवाल्यांची लग्नं तिनं जाताना बाहेरून पाहिली होती. अशीच असतात. स्टेजवर दोन खुर्च्या, समोर माणसं ओळीत बसलेली, कोणी टाळ्या वाजवतंय, कोणी फोटो काढतंय.

तिनं माइक हातानं बाजूला सारला. तांदळाचा चौक काढला, वैशालीला पाटावर बसवलं आणि खाली मान घालून सुरू केलं. मैदानावरची पोरं रडायची थांबली. परीक्षकांमधले एक गृहस्थ चष्मा काढून बसले. बाई स्टेजच्या कडेला पडद्याआड उभ्या होत्या. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि क्षणभर त्यांना वाटलं, आपण काही वाईट केलेलं नाही.

नवरीला हळद लागली. मग बयाबाईनं नवऱ्याच्या गालाला हळदीचं बोट लावलं, ते ओठापर्यंत घसरलं, आणि सरस्वतीची काजळाची मिशी त्या बोटावर आली.

बयाबाईनं बोट बघितलं. पिवळं आणि काळं. मग नवऱ्याच्या फेट्याखालचं तोंड बघितलं. सरस्वती फिसकन हसली. सूर तुटला. माइकवाला काय बिघडलं म्हणून उठून उभा राहिला. बयाबाईनं मान वळवून पडद्याकडे पाहिलं, सरळ टिपणीस बाईंकडे. त्या नजरेत राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं. ती नुसती विचारत होती.

बाईंनी खाली बघितलं. आणि हातानं खूण केली, चालू दे.

बयाबाईनं वैशालीकडे पाहिलं. पोरगी पाटावर बसली होती, गालावर हळद होती, डोळ्यांत पाणी होतं. तिला त्या क्षणी सगळं कळलं होतं. बयाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तुटला तिथून सूर उचलला. पाठवणीपर्यंत सगळा धवला तिनं म्हटला, एक कडवं गाळलं नाही. टाळ्या थांबेनात. परीक्षक म्हणाले, "जिवंत कला." ढाल घ्यायला बाईंना वर बोलावलं तेव्हा बयाबाई गुडघ्यांवर बसून चौकातले तांदूळ मुठीनं सुपात भरत होती. साडी न घेता, न जेवता ती कधी गेली ते कोणाला कळलं नाही.

फोटो मात्र निघाला होता. एका स्थानिक साप्ताहिकात तो पहिल्या पानावर आला. बयाबाई, वैशाली, मिशी पुसलेली सरस्वती, कडेला ढाल. गावातला रामचंद्र एका सरकारी कचेरीत शिपाई होता, त्यानं तो अंक गावात नेला. पुढं जे व्हायचं ते झालं. पोरीपोरींचं लगीन लावलं, थट्टेला धवला गायली, तिचा धवला आता खऱ्या नवरीला कसा चालायचा? जासईहून निरोप आला की कमळीच्या हळदीला दुसरी धवलारीण बघा.

आठवड्यानं बयाबाई दारात आली. डोक्यावर पाटी नव्हती. बाईंनी आत बोलावलं, ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"त्या दिवशी तू मधेच थांबली का नाहीस?" बाईंनी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"अर्ध्यात सोरला तं नवरीचा वाईट व्हतंय. तुजी पोर पाटावर बसलेली." एवढं बोलून ती कामाचं बोलली. "येक कर. गावात ये. दादूच्या वटीवर चार मानसां बसतान, त्यांना सांग, बयाबाईला ठाव नव्हता. तुजा आयकतीन. तू मास्तरीन हायस. कमलीचा मना गाऊ दे."

भांडण नाही, शिव्या नाहीत. कोळणीच्या तोंडाची बाईंना धास्ती होती, आणि ही बाई नुसतं एक वाक्य मागत होती.

"येते," बाई म्हणाल्या. "रविवारी येते."

नंदकुमार म्हणाले, "कशाला त्यांच्या भानगडीत पडतेस? उद्या सोसायटीवर मोर्चा आणतील. आणि शाळेच्या कमिटीच्या कानावर गेलं म्हणजे?" हे शेवटचं बाईंच्याही मनात होतंच, नवऱ्यानं फक्त बोलून दाखवलं. तरी रविवारी सकाळी बाई एकट्या निघाल्या. वाटभर त्या वाक्य पाठ करत होत्या. मी तिच्याशी खोटं बोलले. मी तिच्याशी खोटं बोलले. मुलांना पाढे देतात तसं.

दादू गावचा वडीलधारा, सत्तरीचा. त्याच्या ओटीवर दहाबारा माणसं जमिनीवर बसली होती. घरात एकच खुर्ची होती ती बाईंसाठी पुसून ठेवली होती. सगळे उठून उभे राहिले. चहा आला, बशीत बिस्किटं आली. आतल्या दारातून पाचवीतली मीना डोकावली, तिनं हात जोडून "नमस्ते बाई" म्हटलं, आणि तिची आई डोक्यावर पदर सारखा करून कौतुकानं बघत राहिली. बयाबाई खांबाला टेकून खाली बसली होती. तिच्या मागं कमळी.

याच घरांत बाई शिरगणतीला आल्या होत्या. याच लोकांनी त्यांना पोरांचे वाढदिवस माहीत नाहीत म्हणून हसत सांगितलं होतं, "तुमीच लिवा काय ती तारीख, तुमी लिवाल ती खरी."

दादूनं घसा साफ केला. "बाई, तुमी मास्तरीन. आमची पोरां तुमच्या हाताखाली हायेत. तुमी सांगाल त्या आमी खरा मानू. येवराच सांगा. बयाबाईला ठाव व्हता का, नवरी खोटी हाय म्हनून?"

'नव्हतं.' तीन अक्षरं. बाईंचं तोंड उघडलं. मीना दारातून बघत होती. सुट्टी संपली की वर्गात तीच पहिल्या बाकावर बसणार होती.

"त्याचं असं आहे," बाई म्हणाल्या, आणि स्वतःचा आवाज त्यांना शाळेतल्या बैठकीतला वाटला, "थोडा गैरसमज झाला. कार्यक्रम आहे एवढं आम्ही सांगितलं होतं. बयाबाईंना कदाचित... नीट लक्षात आलं नसेल."

दादू बाईंकडे बघत राहिला, बराच वेळ. मग त्यानं बयाबाईकडे पाहिलं.

"बया?"

बयाबाई खांबापासून सरळ झाली. तिनं बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

"व्हय," ती म्हणाली. "बाई खोटा कशाला बोलतीन? माजीच चूक हाय."

कमळीनं मागून तिचा पदर घट्ट धरला. दादूनं मान खाली घातली. नंतर बाईंना निरोप द्यायला सगळे पुन्हा उभे राहिले, आणि मीनाच्या आईनं त्यांच्या हातात सुक्या सोड्यांची पुडी दिली. ती पुडी बाईंनी नाल्याच्या पुलावरून खाली टाकली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "मिटलं सगळं."

कमळीच्या हळदीला दुसऱ्या गावची येसूबाई धवलारीण आली. वाऱ्याची दिशा गावाकडून होती. बाई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होत्या, आणि तो लांबलचक सूर नाल्यावरून येत होता. आवाज बयाबाईचा नव्हता. बाईंनी कपडे तसेच सोडले, आत येऊन गॅलरीचं दार लावलं आणि भर उन्हाळ्यात बंद खोलीत बसून राहिल्या.

बयाबाई यायची थांबली असती तर बरं झालं असतं. ती येत राहिली. वाटा बरोबर असायचा, ना कमी ना जास्त. बोलणं बेताचं. फक्त 'तू' गेलं. "बाई, तुमाला काय देऊ?" म्हणायची. बाईंना प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू, आज पाय धरू. मग दुधाचं भांडं उतू जायचं, नाहीतर सुमित्राबाई जिन्यात यायच्या. लाज मोठी विचित्र असते. पहिल्या दिवशी ती बोलायला लावते, आठ दिवसांनी ती बोलू देत नाही. गावातली माणसं रस्त्यात भेटली की हात जोडायची, "नमस्ते बाई." बाईही हात जोडायच्या आणि चालण्याचा वेग वाढवायच्या. वैशालीनं त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही. पण त्यानंतर आईनं कुठलीही गोष्ट सांगितली की ती एकदा तरी विचारायची, "नक्की?"

वाशी वाढत गेली. घाऊक बाजार आला, दुकानं आली, झाडांची सावली पडायला लागली. गावाला तिन्ही बाजूंनी इमारतींनी घेरलं. बयाबाईला पुन्हा कोणी लग्नाला गायला बोलावलं नाही. पंच्याऐंशीत तिचे गुडघे गेले, तेव्हापासून जिने चढणंही थांबलं.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात वैशालीचं लग्न ठरलं. खरं लग्न. मुलगा ठाण्याचा इंजिनिअर, हॉल वाशीतलाच. पत्रिकांची यादी करताना वैशाली म्हणाली, "आई, बयाबाईला मी स्वतः जाऊन देणार आहे." बाईंनी यादीत ते नाव लिहिलं. वैशाली एकटीच गेली आणि देऊन आली.

हॉलमध्ये स्टेजवर दोन लाल खुर्च्या होत्या. जेवणाची पंगत उठत होती तेव्हा कमळीच्या हाताला धरून बयाबाई आली. केस पांढरे, पाठीत बाक, पण लुगडं तेच हिरवं. सुमित्राबाईंना काय माहीत, त्या आनंदानं व्याह्यांना सांगायला लागल्या, "ही आमची बयाबाई. धवला गाते. काय आवाज सांगू तुम्हाला, आमच्या सोसायटीला ढाल मिळवून दिली हिनं. गा ना गं बयाबाई, आज तर खरंखुरं लग्न आहे."

बयाबाईनं मान हलवली. "हिचा धवला झालाय. मीच गायली. येका नवरीला दोनदा गात नाय."

व्याही हसले, त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करते. बयाबाई स्टेजची पायरी कशीबशी चढली. कमरेची गाठ सोडून तिनं फडक्यातली एक पुरचुंडी काढली. आत तांदूळ होते, राख लावून ठेवलेले, हळदीनं अजून पिवळे.

"तुज्या चौकाचं हायेत," ती वैशालीला म्हणाली. "वटीत पराला पायजे व्हते. त्या दिवशी कोन घेनार व्हता? ठेवले."

वैशालीनं शालूचा पदर पुढं केला. तांदूळ पडले, आणि शालूसकट ती वाकून बयाबाईच्या पायांवर डोकं टेकून राहिली. फोटोग्राफर पुढं सरसावला. टिपणीस बाईंनी त्याचा कॅमेरा हातानं खाली केला.

त्या खालीच उभ्या होत्या, कमळीशेजारी. कमळी आता दोन मुलांची आई होती. बाईंना वाटलं, आता नाही तर कधीच नाही. व्याही होते, विहीणबाई होत्या, नंदकुमार होते, शाळेतल्या चार शिक्षिका होत्या. बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कमळी, तुझ्या आजीला ठाऊक नव्हतं. मी तिला खोटं सांगितलं होतं, वैशालीचं लग्न आहे म्हणून. दादूंच्या ओटीवरही मी खोटंच बोलले. मी गावात येऊन सांगते. उद्याच येते."

नंदकुमार घाईनं व्याह्यांकडे वळले. कमळीनं मात्र साधेपणानं बघितलं.

"कशाला येताव बाई? सगल्यांना ठाव हाय."

"काय ठाऊक आहे?"

"आजीला ठाव नव्हता, ह्या. पैल्या दिसापासून ठाव हाय. सुपान तांदूल घेऊन, उपाशी कोन जातंय थट्टेला? दादूला बी ठाव व्हता."

बाईंना नीट समजेना. "मग त्यांनी मला बोलावलं कशाला?"

"तुमी येताव म्हनलात म्हनून खुर्ची मांडली. तुमच्या तोंडून आयकाचा व्हता. तुमी सांगलात असता तं जासईवाल्यांना त्याच दिवशी निरोप जानार व्हता, मानूस बसवून ठेवलेला." कमळीनं स्टेजवरच्या आजीकडे नजर टाकली. "पन आजीनंच चूक सोतावर घेतली. चार मानसांत. मंग दादूच्या हातात काय रवला?"

म्हणजे सहा वर्षं. प्रत्येक नमस्ते. मीनाच्या आईनं दिलेली ती सोड्यांची पुडी. ज्या ज्या हातांनी बाईंना नमस्कार केला होता, त्या प्रत्येक हाताला माहीत होतं, आणि तरीही तो जोडला गेला होता, कारण पोरं त्यांच्या वर्गात होती आणि बाई म्हणजे बाई.

बयाबाई कठडा धरून पायरी उतरत होती. बाई पुढं झाल्या, तिचा हात धरला. बयाबाईनं त्यांचा आधार घेतला, शेवटची पायरी उतरली आणि मग हात हलकेच सोडवून घेतला.

"बसा बाई," ती म्हणाली. "तुमी सकालपासून उभ्या असाल."

आणि कोपऱ्यातली एक रिकामी खुर्ची तिनं पदरानं पुसून बाईंच्या पुढं ओढली.